सहा फुटी दुकानातला मक्तेदार

जगभर पसरलेल्या एका मोबाइल कंपनीवर मी मक्तेदारीची तक्रार ठोकली, तेव्हा माझ्या दुकानाची रुंदी सहा फूट होती. मी आत बसलो की गिऱ्हाईक फुटपाथवर, आणि गिऱ्हाइकाला आत घ्यायचं म्हटलं तर मी फुटपाथवर. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या बोळकंडीत बसून मी एवढ्या मोठ्या कंपनीला अंगावर घेतलं, आणि वर्षभरात अशी वेळ आली की मक्तेदारीची नोटीस कंपनीला नव्हे, मलाच आली. आजही ते आठवलं की मला बसल्या जागी गुदगुल्या होतात.

सुरुवात मात्र साधी होती. नव्वदच्या दशकात मी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्हीचे रिमोट दुरुस्त करायचो. मग मोबाइल आला. माझ्याकडं आलेला पहिला मोबाइल शाहूपुरीतल्या एका गूळवाल्या व्यापाऱ्याचा होता. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून ते गृहस्थ फोन बंद करून शर्टाच्या खिशाला लावून हिंडायचे. फोनला काही झालं नव्हतं, तो नुसता चालू कसा करायचा ते विसरले होते. मी तो चालू करून दिला आणि त्याच दिवसापासून पेठेत माझं नाव मोबाइलचा डॉक्टर म्हणून झालं.

पुढं काही वर्षांनी त्याच व्यापाऱ्यांनी काडीचा फोन घेतला. स्मार्टफोन हा शब्द तेव्हा नुकताच आला होता. आम्ही त्याला काडीचा फोन म्हणायचो, कारण पडद्यावर एका बारीक काडीनं टोचून तो चालवावा लागे. त्यांनी तो फोन गुऱ्हाळात मिरवायला नेला आणि वाकून काहिलीत बघताना शेजारच्या काकवीच्या भांड्यात सोडला. माझ्याकडं आला तेव्हा तो फोन आहे की चिक्की, हे सांगता येत नव्हतं. मी तो कोमट पाण्यानं धुतला, स्पिरिटनं पुसला, ब्रशनं आतल्या चिपांचा एकेक पाय मोकळा केला आणि दोन दिवस साठच्या बल्बखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्यावर पडद्यावर उजेड आला. दुकानासमोर उभे असलेले सातआठ जण टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्यांची चटक लागली, ती लागलीच.

माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, गल्ली ओलांडली की, दुसरं दुकान होतं. त्याचे मालक गडहिंग्लजच्याही पलीकडचे, सीमेवरच्या गावचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात निम्मं कानडी. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि ते मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. भाऊ म्हणायचे आणि माझं गिऱ्हाईक पायरीवर पोचायच्या आत समोरून हाक मारून आपल्याकडं ओढायचे. मी डिस्प्ले बदलायचा जो भाव सांगेन त्याच्यापेक्षा कमी भाव गल्ली ओलांडून ऐकू यायचा. मग मी त्याहून कमी सांगायचो. गिऱ्हाईक मधे उभं राहून मान इकडून तिकडं हलवायचं. अण्णांशी मी कधी चहा प्यालो नव्हतो आणि पिण्याचा इरादाही नव्हता.

मग ती कंपनी कोल्हापुरात उतरली. शाहूपुरीत काचेचं दार, गार हवा, टोकन घ्यायचं यंत्र आणि टाय लावलेला व्यवस्थापक असं अधिकृत सेवा केंद्र उघडलं. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तिथं फोन नेला की पंधरा दिवस आणि पूर्ण बोर्ड बदला, असं उत्तर मिळायचं. माणूस चिडून थेट राजारामपुरीला यायचा आणि आम्ही तुटलेल्या जागी एका तारेचा जंपर मारून तासाभरात फोन हातात द्यायचो.

हे कंपनीच्या लक्षात आलं. पुढच्या मॉडेलला त्यांनी सहा पाकळ्यांचा असा स्क्रू घातला की बाजारातला कुठलाच पेचकस त्यात बसेना. अण्णांनी आणि मी, एकमेकांना न सांगता, उचगावच्या एकाच लेथवाल्याला गाठलं. त्यानं सायकलच्या स्पोकचं टोक कानशीनं घासून दोघांनाही तसलाच पेचकस करून दिला, आणि दोघांनाही सांगितलं की असा कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं न्हाय.

स्क्रूनं जमलं नाही तेव्हा कंपनीनं खरा घाव घातला. सुटे भाग बंद. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्यानं फोनवर कळवलं की यापुढं डिस्प्ले, त्याला जोडणारी स्ट्रिप, चार्जिंगची पिन, काहीही फक्त अधिकृत केंद्रालाच द्यायचं असा कागद आलाय. आम्हाला माल दिला तर त्याचीच एजन्सी जाईल. कोल्हापुरात तेव्हा दर दहा फोनांतले सहासात त्याच कंपनीचे असावेत असं वाटायचं. त्यांचे भाग नाहीत म्हणजे धंदा नाही.

सासरे साखर कारखान्यात होते. त्यांनी माझ्यासाठी वायरमनची जागा धरून ठेवली होती. जावयाचं सहा फुटी दुकान त्यांना कधीच पसंत नव्हतं. त्यांनी निरोप धाडला की येत्या हंगामाला जमत नसेल तर राहू द्या, पण त्याच्या पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटायच्या आत हजर व्हायचं. बायकोनं निरोप सांगितला आणि स्वतःचं मत दिलं नाही. ती मत देत नाही तेव्हा ते ठरलेलं असतं. म्हणजे माझ्याकडं साधारण सव्वा वर्ष होतं. त्यात भाग मिळाले तर दुकान, नाहीतर कारखान्याच्या खांबावर मी.

शाहूपुरीत त्या गूळवाल्या व्यापाऱ्याच्या गोदामाच्या माडीवर एक वकीलबाई बसायच्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, सगळी हयात भाडेकरूंच्या दाव्यांत गेलेल्या. त्यांचा फोन मीच दुरुस्त करायचो. भाग नाही म्हणून त्यांचा फोन परत द्यायला गेलो आणि सहज सगळी हकीकत सांगितली. बाई ऐकता ऐकता उठून उभ्या राहिल्या. कपाटावर चढवलेलं एक तांबडं पुस्तक त्यांनी खाली काढलं, धूळ झटकली, तीन वेळा शिंकल्या आणि म्हणाल्या, “कॉलेजात हा मक्तेदारीचा कायदा मी पहिल्या नंबरानं पास झाले. त्याला आता पंचवीस वर्षं होतील. एक केस आली नाही हो माझ्याकडं. सगळे आपले संडास नि जिना यांवर भांडतात.”

मग त्यांनी मला समजावलं. या विषयाचा नवा कायदा छापून तयार आहे, पण अजून लागू झालेला नाही. चालतोय तो जुनाच. मोठं असणं हा त्यात गुन्हा नाही. कंपनीनं हवे तेवढे फोन विकावेत. पण मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याचं दार लावून घेणं, म्हणजे फोन आम्ही विकणार आणि तो उघडणारही आम्हीच, हे चालत नाही. दिल्लीला एक आयोग आहे, त्याच्याकडं तक्रार करता येते. फी त्यांनी विचारू दिली नाही.

तक्रार गेली. कंपनीचं उत्तर आलं, ते बाईंनी मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की कोल्हापुरात मोबाइल दुरुस्तीची अशी वेगळी बाजारपेठच नाही. तक्रारदार आणि त्याच्यासारखे गल्लीबोळातले लोक कंपनीचे स्पर्धक नव्हेत, त्यामुळं त्यांचं दार लावायचा प्रश्नच येत नाही. मला फार लागलं ते. काकवीतून फोन जिवंत करणारा माणूस मी, आणि हे म्हणतात मी नाहीच. बाईंनी मात्र त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि फाइल मिटली. म्हणाल्या, आता चौकशीला अधिकारी कोल्हापुरात येईल. त्याला दाखवायला आणखी दुरुस्तीवाले गोळा करा, प्रत्येकाची लेखी कैफियत घ्या. आणि दुसरं काही करू नका.

या शेवटच्या वाक्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं.

मी सगळ्यात आधी गल्ली ओलांडली. अण्णांच्या दुकानात पहिल्यांदाच पाय टाकला. ते उठले आणि त्यांनी चहा सांगितला. त्यांचंही ड्रॉवर रिकामंच होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी स्कूटरवरून सगळं कोल्हापूर पालथं घातलं आणि तालमीत बैठक बोलावली. चौतीस दुरुस्तीवाले जमले. वर्षानुवर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवलेली चौतीस माणसं लाल मातीच्या हौद्याभोवती मांडी घालून बसली, तेव्हा माझा ऊर भरून आला.

कैफियती झाल्या, सह्या झाल्या. तेवढ्यावर उठायचं की नाही? पण कोल्हापुरात माणसं एकदा जमली की नुसती सही करून घरी जात नाहीत. अण्णा उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की, दिल्लीचा पावणा येणार. त्यानं एका दुकानात एक भाव ऐकला आणि समोरच्या दुकानात दुसरा ऐकला, तर तो म्हणेल ह्यांच्यातच एकी न्हाय, ह्यांना काय न्याय द्यायचा? तेव्हा सगळ्यांनी एकच भाव लावायचा. सगळ्यांना ते इतकं पटलं की पुढचं आपोआप झालं. कुणीतरी भंडारा आणला, बेल अण्णांनी पिशवीतून काढला, ते सोमवारचे घेऊनच हिंडत. मारुतीपुढं चौतीस जणांनी बेल-भंडारा उचलला आणि शपथ घेतली की ठरलेल्या भावाच्या खाली कुणी उतरणार नाही. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. दुसऱ्या दिवशी एकाच पेंटरकडून चौतीस पाट्या रंगवून घेतल्या. पिवळी जमीन, तांबडी अक्षरं, वर ‘एकच दर’ आणि खाली दरपत्रक.

अधिकारी आले ते सडपातळ, शांत, हातात कापडी पिशवी. त्यांच्यासोबत कंपनीचे वकील, आमच्या वकीलबाई आणि मी. आधी सेवा केंद्र बघून झालं, मग राजारामपुरी. पहिल्या दुकानात अधिकाऱ्यांनी रिकामे ड्रॉवर बघितले, लिहून घेतलं. दुसऱ्यात तेच. मी मनातल्या मनात आनंदानं उड्या मारत होतो. चौथ्या दुकानात कंपनीच्या वकिलांची नजर भिंतीवर गेली. पाचव्यात ते आधी भिंतीकडंच बघत आत शिरले. सहाव्यात त्यांनी वही काढली. वकीलबाईंनी त्या नजरेचा माग काढला, पाटी वाचली, आणि त्यांचा चेहरा आमच्या पाटीच्या जमिनीच्या रंगाचा झाला.

सातवं दुकान अण्णांचं. कंपनीच्या वकिलांनी मधाळ आवाजात हिंदीत विचारलं की वा, सगळीकडं एकच दर, हे कुणी ठरवलं?

अण्णांनी छाती पुढं काढली. “हम सबने मिलके ठरवलंय साहेब. शपथ खाके. एक भी माणूस नीचे नहीं उतरेगा.”

अधिकाऱ्यांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. अण्णांना वाटलं कौतुक चाललंय. त्यांनी आपलं पूर्ण नाव, गाव आणि तालुकाही सांगितला.

अधिकारी गेल्यावर वकीलबाईंनी आम्हा दोघांना त्यांच्या ऑफिसात समोर उभं केलं. “मी त्या कंपनीविरुद्ध दोन महिने पुरावा शोधतेय,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही एका दिवसात, देवासमोर शपथ घेऊन, स्वतःविरुद्धचा पुरावा चौतीस प्रतींत रंगवून भिंतीला टांगलात.” मग त्यांनी सांगितलं की धंद्यातल्या माणसांनी संगनमतानं भाव बांधून घेणं हा त्याच कायद्याखालचा गुन्हा आहे ज्याच्याखाली आपण तक्रार केली. अण्णा म्हणाले, “अक्का, म्हंजे भांडलो तर सरकार खूश, आणि एकी केली तर गुन्हा व्हय?” बाई म्हणाल्या, भावाच्या बाबतीत, हो. अण्णांनी मान हलवली. सरकारला भांडणंच हवी असतील तर कोल्हापूरला आजवर बक्षीस कसं दिलं नाही, असं ते जिना उतरताना पुटपुटले.

महिन्याभरात कंपनीनं आयोगाकडं उलटा अर्ज टाकला आणि मला नोटीस आली. सरकारी पाकीट, दिल्लीचा शिक्का, आत माझं नाव आणि मक्तेदारीचा आरोप. मला रडू यायला हवं होतं. पण बायकोनं ती नोटीस हातात घेतली, दोनदा वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे लग्नात फेटा बांधलेल्या मला बघूनही आलं नव्हतं. तिनं माहेरी फोन लावला आणि सांगितलं की ह्यांच्यावर दिल्लीचं सरकार मक्तेदारीचा आळ घेतंय. सासऱ्यांनी जागा मात्र धरूनच ठेवली. बॉयलर पेटायला आता सहा महिने होते.

सुनावणीला दिल्लीला आम्ही तिघं गेलो. वकीलबाई, मी आणि शपथेचे सूत्रधार म्हणून अण्णा. सबंध प्रवासात बाई भडंग खात राहिल्या आणि केसबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त मधूनच फाइल उघडायच्या, दोन कागद शेजारी शेजारी धरायच्या, हसायच्या आणि परत भडंगाचा डबा पुढं करायच्या. मला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. अण्णांनी डब्याला आधी बोटानं विभूती लावली आणि मग घास घेतला.

आयोगापुढं कंपनीचे वकील आधी उभे राहिले. त्यांनी आमच्या पाटीचा फोटो वर धरला. काय बोलले! कोल्हापुरातल्या दुरुस्तीच्या सगळ्या बाजारपेठेवर या टोळीनं संगनमतानं ताबा मिळवलाय, ग्राहक लुटला जातोय, स्पर्धा मेलीय. ते ऐकून मला माझीच भीती वाटायला लागली. अण्णा मात्र हळूच माझ्याकडं वाकून म्हणाले, “तम्मा, ह्यो माणूस आपलं किती मोठं नाव काढाय लागलाय.”

मग आमच्या बाई उभ्या राहिल्या. आवाज शांत. त्यांनी फक्त दोन परिच्छेद वाचून दाखवले. पहिला, कंपनीच्या जुन्या उत्तरातला, पेन्सिलीनं रेघ मारलेला: कोल्हापुरात दुरुस्तीची वेगळी बाजारपेठच अस्तित्वात नाही आणि तक्रारदार हे स्पर्धक नव्हेत. दुसरा, कंपनीच्या नव्या अर्जातला: कोल्हापुरातल्या दुरुस्तीच्या बाजारपेठेवर तक्रारदारांचा संपूर्ण ताबा आहे. दोन्ही कागद त्यांनी टेबलावर शेजारी ठेवले.

“पहिलं खरं धरलं तर आम्ही कुणीच नाही, मग आमच्यावर आरोप कसला?” त्या म्हणाल्या. “आणि दुसरं खरं धरलं, तर बाजारपेठ आहे, तिच्यात आम्ही आहोत, आणि तिचं दार कंपनीनं लावलंय. यातलं कंपनीला जे आवडेल ते आम्ही मान्य करायला तयार आहोत.”

वर बसलेल्या आयोगाच्या दोघा सदस्यांपैकी एकानं चष्मा काढून पुसला. दुसऱ्यानं कंपनीच्या वकिलांकडं पाहिलं आणि सौम्यपणे विचारलं की तुमची निवड कोणती. वकील पाण्याचा ग्लास शोधायला लागले. माझ्या मांडीवर अण्णांनी एवढ्या जोरात चापट मारली की ती मला कोल्हापुरात पोचेपर्यंत दुखत होती.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीचे लोक बाईंना व्हरांड्यात भेटायला आले. संध्याकाळच्या आत दोन हमीपत्रं तयार झाली आणि आयोगानं दोन्ही नोंदवून घेतली. एकात कंपनीनं लिहून दिलं की सुटे भाग कोल्हापूरच्या केंद्राच्या काउंटरवर मागेल त्या दुरुस्तीवाल्याला, गिऱ्हाइकाला लावतात त्याच भावानं मिळतील. दुसऱ्यात आम्ही लिहून दिलं की पुन्हा कधी एकत्र बसून भाव बांधणार नाही आणि पाट्या उतरवू. सही करताना अण्णांनी बाईंना हळूच विचारलं की शपथेचं काय करायचं, ती तर भंडाऱ्याची हाय. बाई म्हणाल्या, ते माझ्या पुस्तकात नाही, तुम्हीच बघा.

आम्ही बघितलं. परत आल्यावर पुढच्या सोमवारी सकाळी चौतीस जण पुन्हा तालमीत जमले. मारुतीपुढं ताट ठेवलं, प्रत्येकानं चिमूटभर भंडारा परत त्यात टाकला. अण्णांनी हात जोडले आणि सगळ्यांच्या वतीनं म्हणाले, “देवा, आमची एकी सरकारला चालत न्हाय. तू तरी समजून घे आणि आम्हाला मोकळं कर.” कुणी हसलं नाही. मग एकानं ताट उचललं आणि मंडळी पांगली.

सासऱ्यांना मी तिथूनच फोन केला की जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी एवढंच विचारलं की त्यांच्या फोनचा डिस्प्ले गेलाय, तो आता मिळेल का. मिळेल म्हणालो. सेवा केंद्रात जाऊन टोकन घेतलं, टायवाल्या व्यवस्थापकाच्या हातून डिस्प्ले घेतला आणि राजारामपुरीला आलो. दुकानामागं मी एक नवी पाटी लपवून ठेवली होती. शपथ सुटायच्या आधीच, आदल्या दिवशी, त्याच पेंटरकडून गुपचूप रंगवून घेतली होती. शपथेच्या भावापेक्षा बराच कमी भाव त्यावर होता. पाटी काढून खिळ्याला लावणार, तेवढ्यात सहज समोर पाहिलं.

अण्णांच्या दारात नवी पाटी लागलेली होती. तोच रंग, तीच अक्षरं, कोपऱ्यात त्याच पेंटरची सही. भाव माझ्याहून कमी. अण्णा स्टुलावर बसून माझ्याकडं बघत चहा पीत होते.

मी पाटी तशीच काखेत मारली आणि पुन्हा पेंटरकडं निघालो.